फंक्शन परतल्यावर पहारा का उठतो?
डीबगरमधील स्थानिक चलांचा विचार

१. प्रयोजन

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकास आज शब्दरूपांची मोजदाद, प्रत्ययांची फोड, वाक्यांची छाननी अशा कामांसाठी स्वतः आज्ञावली लिहावी लागते, किंवा दुसऱ्याने लिहिलेली आपल्या सामग्रीवर चालवावी लागते. आज्ञावलीत राहिलेला दोष पुष्कळदा आकड्याच्या रूपाने प्रबंधात उतरतो. आणि आकडा एकदा कोष्टकात बसला की त्याच्यामागे जाऊन दोष शोधण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. यास्तव दोष शोधण्याचे जे साधन, म्हणजे डीबगर, ते कसे चालते हे आपल्या गरजेपुरते तरी जाणून घेणे अवश्य आहे.

प्रस्तुत लेखात डीबगरच्या एकाच वर्तनाचा विचार करावयाचा आहे. एखाद्या चलाचे मूल्य बदलताच आज्ञावली थांबावी, अशी सूचना डीबगरला देता येते. ह्या सूचनेस ‘वॉचपॉइंट’ म्हणतात. आपण तिला ‘पहारा’ म्हणू. त्याचप्रमाणे ‘ब्रेकपॉइंट’ला ‘थांबा’ म्हणू. पहारा जर फंक्शनच्या स्थानिक चलावर बसवलेला असेल, तर ते फंक्शन परतताच डीबगर तो आपण होऊन उठवतो. असे तो का करतो, केव्हा उठवावयाचा हे त्याला कसे कळते, आणि त्याच्या ह्या वर्तनामुळे अभ्यासक कोठे फसू शकतो, हे तीन प्रश्न येथे घेतले आहेत. विवेचन मुख्यतः जीडीबी ह्या डीबगरचे आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये तो लिहिला आणि सी भाषेतील आज्ञावलींसाठी तो आजही सर्वत्र वापरात आहे.

२. एक उदाहरण

समजा, ‘वाक्यमोज’ नावाचे एक फंक्शन आहे. ते एक वाक्य घेते, त्यातील एकेक शब्द २४ बाइटांच्या स्थानिक पट्ट्यात उतरवते, शब्दास विभक्तिप्रत्यय अथवा शब्दयोगी अव्यय जोडलेले आहे काय ते पाहते, आणि असल्यास ‘गणक’ ह्या स्थानिक चलात एक मिळवते. वाक्य संपले की गणकाचे मूल्य परत दिले जाते. शब्द उतरवण्याचे काम ‘नक्कल’ नावाचे दुसरे फंक्शन एकेक बाइट करून पार पाडते. कंपायलरने गणकास पट्ट्याच्या लगत पुढे चार बाइटांची जागा दिली आहे, असेही धरू.

‘नाशिकमध्ये’ हा शब्द घेऊ. डोळ्यांना येथे पाच अक्षरे दिसतात, आणि पाच अक्षरांना २४ बाइट पुष्कळ झाले असे वाटणे साहजिक आहे. परंतु युनिकोडच्या हिशेबाने ह्या शब्दात दहा चिन्हे आहेत. काना, वेलांटी, हलन्त आणि मात्रा ही प्रत्येकी स्वतंत्र मोजली जातात. यूटीएफ-८ ह्या प्रचलित संकेतनात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. म्हणजे शब्दाचे ३० आणि शेवट दर्शवणाऱ्या शून्याचा एक, असे ३१ बाइट झाले. ‘नाशिकमध्’ एवढ्यानेच २४ बाइटांचा पट्टा भरतो. उरलेला य, त्यावरील मात्रा आणि अंतीचे शून्य ही पट्ट्याबाहेर सांडतात व गणकाच्या जागेवर जाऊन पडतात.

अशा वेळी गणकावर पहारा बसवला असता जे दिसते ते बोधप्रद आहे. गणक ३ वर होता असे समजा. इंटेल घराण्याच्या प्रोसेसरांत पूर्णांकाचा कनिष्ठ बाइट स्मृतीत आधी येतो. ‘य’चा पहिला बाइट पडताच गणक ३ वरून २२४ होतो, दुसऱ्याने ४२,२०८, तिसऱ्याने १,१५,११,००८, आणि मात्रेच्या पहिल्या बाइटाने तो उणे ५२,५३,५९,९०४ होतो. चारही वेळा आज्ञावली थांबते, आणि चारही वेळा डीबगर ‘वाक्यमोज’कडे नव्हे तर ‘नक्कल’ मधील ओळीकडे बोट दाखवतो. ‘नक्कल’ मध्ये तर गणकाचे नावही नाही. दोषी ओळ हाती येते ती ह्यामुळेच.

हा आकडा ऋण असल्यामुळे निदान संशय तरी येतो. ‘नाशिकहून’ ह्या शब्दाचे प्रकरण अधिक घातक आहे. त्यात बरोबर आठ चिन्हे, म्हणजे २४ बाइट आहेत. सांडते ते केवळ अंतीचे शून्य. ते गणकाच्या कनिष्ठ बाइटावर पडते आणि तीनचे शून्य होते. कोठेही गडबड दिसत नाही. कोष्टकात पंचमीचा आकडा मात्र कमी भरतो, आणि त्यावरून मराठीच्या प्रयोगाविषयी एखादा निष्कर्षही काढला जाईल.

३. व्याप्ती आणि आयुष्य

आता मूळ प्रश्नाकडे वळण्यापूर्वी दोन कल्पना वेगळ्या केल्या पाहिजेत. नाव जेथे वापरता येते तो आज्ञावलीच्या पाठातील भाग म्हणजे त्या नावाची व्याप्ती. त्या नावाने दर्शवलेली जागा आज्ञावली चालू असताना जितका काळ राखून ठेवलेली असते, तो काळ म्हणजे त्या चलाचे आयुष्य. व्याप्ती पाठाची आहे, आयुष्य घटनेचे आहे.

आपल्या शास्त्रातील दोन गोष्टींशी ह्यांची तुलना करता येईल. अष्टाध्यायीतील अधिकारसूत्राची सत्ता पुढील सूत्रांच्या ठराविक मर्यादेपर्यंत चालते आणि तेथे निवृत्त होते. ही मर्यादा ग्रंथाच्या पाठातील आहे. ग्रंथ कोणी वाचो वा न वाचो, ती तेथेच असते. व्याप्ती ही ह्या जातीची. उलटपक्षी ‘मी’ ह्या सर्वनामाचा विचार करा. त्याचा अर्थ प्रत्येक उच्चारागणिक ठरतो. गोविंदा म्हणाला, ‘मी उद्या येतो,’ असे मी सांगितले, तर एकाच वाक्यबंधात दोन ‘मी’ येतात व दोहोंचे निर्देश्य भिन्न असते. आतील उद्गार संपला की आतील ‘मी’चे काम संपते, शब्द तोच राहतो, परंतु त्याने दर्शवलेली व्यक्ती आता त्या पदावर नसते. स्थानिक चलाचे आयुष्य ह्या जातीचे आहे.

खंडापुरती मर्यादित नावे ही कल्पना अल्गोल ६० ह्या भाषेने रूढ केली. फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावले तर प्रत्येक आवाहनाच्या स्थानिक चलांना वेगवेगळी जागा हवी. ती एकावर एक रचलेल्या चळतीतून, म्हणजे स्टॅकमधून, कशी द्यावी ह्याचे विवेचन डाइक्स्ट्रा यांनी १९६० मध्ये केले. प्रत्येक आवाहनास चळतीवर एक चौकट मिळते. तीत स्थानिक चले आणि परत कोठे जावयाचे तो पत्ता असतो. फंक्शन परतले की चौकट सोडून दिली जाते. मात्र जागा पुसली जात नाही. जुने बाइट तेथेच पडून राहतात आणि पुढील आवाहनाची चौकट त्यांच्यावर येऊन बसते.

पहाऱ्याचा पेच येथे आहे. ‘वाक्यमोज’ने ‘नक्कल’ला बोलावले तेव्हा गणक हे नाव दिसेनासे झाले, तथापि चौकट जिवंत आहे, पहारा चालूच राहिला पाहिजे. ‘वाक्यमोज’ परतले तेव्हा पत्ता तोच आहे, बाइटही तेच आहेत, पण गणक नाही. पहारा तेव्हा उठवला नाही तर त्याच जागेवर लिहिणाऱ्या भलत्याच फंक्शनला डीबगर गुन्हेगार ठरवील.

४. पहारा कसा बसतो

पहाऱ्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत डीबगर आज्ञावलीस एकेक यंत्रसूचना चालवावयास लावतो आणि प्रत्येक सूचनेनंतर मूल्य तपासतो. ही रीत कोठेही चालते, पण आज्ञावली शेकडो पटींनी मंदावते. दुसरी रीत प्रोसेसरच्या साह्याची आहे. १९८५ मध्ये आलेल्या इंटेलच्या ८०३८६ ह्या प्रोसेसरात पत्ता नोंदवण्यासाठी चार खास रजिस्टरे दिली गेली. त्यांत पत्ता लिहून ठेवला की त्या जागेवर लेखन होताच प्रोसेसर स्वतःच खंड पाडतो. वेग घटत नाही. परंतु एका वेळी चारच जागा पाहता येतात व प्रत्येक जागा थोड्या बाइटांचीच असू शकते. शिवाय खंड लेखन झाल्यानंतर पडतो. म्हणून डीबगरने दाखवलेली ओळ ही लेखनाच्या पाठोपाठची असते, हे ध्यानात ठेवावे.

प्रोसेसरला केवळ पत्ता कळतो. चौकट, चल, नाव ह्यांची त्याला वार्ताही नसते. त्यामुळे पहाऱ्याचे आयुष्य चलाच्या आयुष्याशी बांधण्याची सर्व जबाबदारी डीबगरवर येते.

५. परतीचा क्षण ओळखण्याची रीत

पहारा बसवताना जीडीबी प्रथम पाहतो की दिलेल्या पदावलीत चौकटीवाचून अर्थ न लागणारे एखादे चल आहे काय. असल्यास तो दोन गोष्टी करतो.

एक, तो त्या वेळच्या चौकटीची ओळख टिपून ठेवतो. ही ओळख दोन अंगांची असते : चळतीवरील पत्ता आणि फंक्शनच्या आरंभाचा पत्ता. केवळ फंक्शन पुरत नाही, कारण एकाच फंक्शनची अनेक आवाहने एकाच वेळी जिवंत असू शकतात. केवळ चळतीचा पत्ता पुरत नाही, कारण तीच जागा पुढे दुसऱ्या फंक्शनला मिळते.

दोन, बोलावणारे फंक्शन जेथून पुढे सुरू व्हावयाचे, त्या परतीच्या पत्त्यावर तो एक आतला थांबा बसवतो. वापरणाऱ्याच्या यादीत हा थांबा दिसत नाही. ‘वाक्यमोज’ परतले की आज्ञावली ह्या नाक्यावर येते. तेथे डीबगर टिपलेल्या ओळखीची चौकट चळतीत शोधतो. ती सापडली नाही, म्हणजे चलाचे आयुष्य संपले. मग तो आज्ञावली थांबवतो, पदावली ज्या खंडात ग्राह्य होती तो खंड सोडला गेल्यामुळे पहारा काढून टाकला आहे असे कळवतो, आणि पहारा खरोखरीच काढून टाकतो. आज्ञावली थांबते ती बोलावणाऱ्या ओळीच्या मध्येच. तेथे काही दोष आहे असा अर्थ नव्हे.

नाक्यावर बोलावणाऱ्याची चौकटही तपासली जाते, आणि त्याचे कारण पुनरावर्ती आवाहनात दिसते. ‘घरांमध्येसुद्धा’ ह्या शब्दाचे घटक शेवटाकडून एकेक काढणारे ‘फोड’ हे फंक्शन स्वतःलाच बोलावते असे समजा. पहारा दुसऱ्या आवाहनातील चलावर आहे. त्याचा परतीचा पत्ता पहिल्या आवाहनाच्या मजकुरात आहे. परंतु तिसरे आवाहन दुसऱ्याकडे परतताना आज्ञावली त्याच पत्त्यावरून जाते, कारण मजकूर एकच आहे. नाका लागतो खरा, पण चालू चौकट पहिल्याची नसून दुसऱ्याची असते. म्हणून डीबगर दुर्लक्ष करून पुढे जातो. दोन ‘मी’ वेगळे ओळखण्याचेच हे काम होय.

आणखी एक नाजूक जागा आहे. फंक्शनच्या अगदी शेवटच्या काही सूचनांत चौकट मोडण्याचे काम चालू असते. चौकटीचा आधार धरणारे रजिस्टर आधीच बदललेले असते, पण परत मात्र झालेली नसते. अशा क्षणी चलाचा पत्ता काढू गेल्यास तो चुकू शकतो. म्हणून चौकट मोडत आहे असे ओळखू येताच जीडीबी त्यावेळची तपासणी सोडून देतो. संशयित साक्ष नोंदवण्यापेक्षा क्षणभर मौन पत्करणे त्याने श्रेयस्कर मानले आहे.

६. शब्द आणि वर्तन

जीडीबीची निवेदने व त्याची माहितीपुस्तिका ह्या प्रसंगी व्याप्तीची आणि खंडाची भाषा बोलतात. वर्तन मात्र आयुष्याचे आहे, आणि ह्याला दोन पुरावे देता येतात.

पहिला पुरावा स्थिर चलाचा. सी भाषेत फंक्शनच्या आत ‘स्टॅटिक’ म्हणून घोषित केलेले चल नावापुरते त्या फंक्शनचे असते, पण त्याची जागा चळतीवर नसून आज्ञावलीच्या अखेरपर्यंत राखलेली असते. व्याप्ती मर्यादित, आयुष्य पूर्ण. फंक्शन परतल्यावर ह्याच्यावरील पहारा उठत नाही.

दुसरा पुरावा आतील खंडाचा. फंक्शनच्या पोटात महिरपी कंसांनी बांधलेल्या खंडात घोषित केलेल्या चलावर पहारा बसवला, आणि आज्ञावली तो खंड सोडून त्याच फंक्शनमध्ये पुढे गेली, तर निवेदनाच्या शब्दांप्रमाणे पहारा तत्काळ उठावयास हवा. प्रत्यक्षात डीबगर चौकट शोधतो, ती सापडते, आणि पहारा टिकतो. दरम्यान कंपायलरने तीच जागा दुसऱ्या खंडातील चलास दिली असेल, तर पहाऱ्याची वार्ता खोटी ठरेल.

म्हणजे येथे निकष चौकट हा आहे. व्याप्ती हा तिचा केवळ ढोबळ पर्याय. संज्ञा आणि व्यवहार ह्यांतील असे अंतर व्याकरणात आपल्या परिचयाचे आहे.

७. व्यवहारातील सावधगिरी

‘वाक्यमोज’ दर वाक्यास एकदा बोलावले जाते. पहिल्या वाक्याच्या वेळी बसवलेला पहारा त्या वाक्याबरोबरच संपतो. पुढे आज्ञावली शेवटपर्यंत बिनतक्रार चालली, तर गणकास कोणी हात लावला नाही असे सिद्ध होत नाही. पहारेकरीच जागेवर नव्हता एवढेच सिद्ध होते. उपाय असा की, फंक्शनच्या आरंभी थांबा ठेवून त्याला ‘पहारा बसव व पुढे चल’ ही आज्ञा जोडावी, म्हणजे प्रत्येक आवाहनात तो नव्याने बसतो. आरंभी चलात पूर्वीचा कचरा असतो. पहिला बदल हा बहुधा आरंभीचे मूल्य देण्याचा असतो, त्याला दोष समजू नये. तसेच प्रत्येक परतीस आज्ञावली थांबते; वाक्ये हजारो असतील तर हे जमणार नाही. तेव्हा परत आलेले आकडे आधी तपासून कोणत्या वाक्यात गडबड होते ते हेरावे, आणि थांब्यास अट घालून त्याच आवाहनात पहारा ठेवावा.

गणकास तात्पुरते स्थिर चल करून पहारा टिकवण्याची युक्ती सुचते, पण ती येथे घातक आहे. स्थिर चल चळतीवरून हलते. सांडलेले बाइट मग त्याच्यावर पडत नाहीत. दोष नाहीसा होत नाही, फक्त दुसऱ्या कोणावर तरी पडतो.

कधी कधी दोषच परतीनंतर सुरू होतो. फंक्शनने आपल्या स्थानिक पट्ट्याचा पत्ता परत दिला, तर बोलावणाऱ्याच्या हाती संपलेल्या चौकटीचा पत्ता येतो. प्रथम वाचताना शब्द जागेवर दिसेलही. दुसरे आवाहन होताच तो विस्कटतो. येथे नेहमीचा पहारा नेमक्या नको त्या क्षणी उठतो. ह्यासाठी जीडीबीत पहाऱ्याच्या आज्ञेस ‘लोकेशन’ हा पर्याय आहे. त्याने पदावलीचा पत्ता एकदाच काढला जातो आणि पुढे चौकटीची पर्वा न करता त्या जागेवरच पहारा राहतो. जागेचे पुढचे धनी बदलत जातील व त्यांच्या प्रत्येक लेखनाची वार्ता येईल; ती गणकाची वा पट्ट्याची वार्ता नव्हे, जागेची आहे, हे भान मात्र वापरणाऱ्याने ठेवावयाचे.

आयुष्याहूनही आखूड अशी एक मर्यादा आहे. वेग वाढवणारा कंपायलर चलाच्या अखेरच्या उपयोगानंतर त्याचे मूल्य सांभाळीत नाही, किंवा ते स्मृतीत न ठेवता रजिस्टरातच ठेवतो. चौकट जिवंत, पण चल मृत, अशी ही स्थिती. अशा जिवंतपणाच्या विश्लेषणाचे सविस्तर विवेचन मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील उदय खेडकर यांनी अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांच्यासह २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथात आहे. पहारा ठेवावयाचा असल्यास आज्ञावली वेगवृद्धी न करता कंपाइल करावी, हा त्यातून निघणारा व्यावहारिक नियम.

नाक्याची रीतही सर्वस्वी अचूक नाही. सी भाषेतील लांब उडीने, म्हणजे ‘लाँगजंप’ने, अनेक चौकटी एकदम सोडल्या जातात आणि परतीचा पत्ता लागतच नाही. मग पहारा तसाच राहतो. पुढे त्या जागेवर कोणी लिहिले की तपासणी होते, चौकट सापडत नाही, व तेव्हा कोठे तो उठतो. दुसरा प्रचलित डीबगर एलएलडीबी. त्याचे पहारे पुष्कळ काळ केवळ पत्त्याचेच असत. अलीकडच्या आवृत्त्यांत त्यानेही परतीच्या पत्त्यावर थांबा ठेवण्याची रीत घेतली. मात्र तो पहारा काढून न टाकता निष्क्रिय करतो.

८. समारोप

नाव, जागा आणि आवाहन ह्या तिहींच्या संयोगाने स्थानिक चल सिद्ध होते. प्रोसेसर जागा पाहतो, वाचक नाव पाहतो. आवाहनाची दखल डीबगरलाच घ्यावी लागते, आणि परतीच्या नाक्यावरील थांबा हा त्याचा उपाय आहे. पहारा उठल्याचे निवेदन म्हणजे ‘ज्याच्याविषयी तुम्ही विचारले होते ते आता अस्तित्वात नाही’ एवढेच सांगणारे विधान होय. ते वाचून ‘पुढे’ म्हणण्यापूर्वी आपला प्रश्न त्या एका आवाहनापुरता होता, सर्व आवाहनांचा होता, की त्या जागेचा होता, हे अभ्यासकाने ठरवावे. ‘नाशिकहून’ सारख्या शब्दाने पुसलेला आकडा कोष्टकात जाण्यापूर्वी पकडावयाचा असेल, तर पहारा कोणत्या प्रश्नासाठी बसवला होता ह्याचे उत्तर आधी हाती असावयास हवे.